मिरे आणि मिरची : एका व्युत्पत्तीचा पुनर्विचार

यादवकालीन महाराष्ट्राच्या शेतीविषयी लिहिताना त्या काळच्या पिकांत मिरचीची गणना करण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांत अजून टिकून आहे. आधार विचारला म्हणजे संत सावता माळी यांच्या नावे प्रसिद्ध असलेला, भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहणारा अभंग पुढे करण्यात येतो. त्या अभंगात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्या पंगतीला मिरचीही आहे. सावतोबांच्या समाधीचे परंपरेने मानलेले वर्ष इ. स. १२९५ आहे. तेव्हा तेराव्या शतकात अरणच्या मळ्यात मिरची पिकत होती, असा हा सरळ हिशेब. हिशेब सरळ असला तरी त्यातील एक रक्कम मुळातच चुकीची मांडलेली आहे, आणि ती कोणती हे ठरविण्याचे काम वनस्पतिशास्त्रज्ञाइतकेच भाषाशास्त्रज्ञाचेही आहे.

मिरचीचे झाड मूळचे अमेरिका खंडातील. त्याच्या सर्व रानटी जाती त्याच खंडात सापडतात. कोलंबसाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत १५ जानेवारी १४९३ च्या नोंदीत कॅरिबियन बेटांवरील या फळाचा उल्लेख आहे, आणि तेथेच त्याने ती त्या लोकांची मिरी होय असे नोंदविले आहे. पुढे १४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला आले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या गलबतांबरोबर हे रोप आपल्या किनाऱ्याला लागले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ऐने-अकबरीत पाककृतींच्या सामग्रीत मिरे आहे, मिरची नाही. म्हणजे सावतोबांचा काळ आणि मिरचीचे आगमन यांमध्ये निदान दोन शतकांचे अंतर पडते.

या पेचातून सुटण्याचे तीन मार्ग सुचविण्यात येतात. मिरची भारतात आधीपासूनच होती, हा पहिला. त्याचा कैवार आवेशाने घेतला जातो, पण त्यामागे पुरावा म्हणून बहुधा हाच अभंग उभा असतो. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरण्याचा हा प्रकार असल्याने त्यात अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही. अभंगातील मिरची म्हणजे आजची मिरची नसून मिरे होय, असा दुसरा मार्ग. हा मात्र विचारार्ह आहे. कारण मिरे आणि मिरची यांचे नाते कोणत्याही कोशात पाहावयास मिळते, आणि एका शब्दाचा अर्थ बदलणे ही भाषेत नित्य घडणारी गोष्ट आहे. तो शब्द, किंवा तो संपूर्ण अभंग, नंतरच्या काळातला, हा तिसरा मार्ग. प्रस्तुत लेखात दुसऱ्या मार्गाची तपासणी करावयाची आहे. ती झाली म्हणजे तिसऱ्याविषयी थोडेच बोलावे लागेल.

‘मिरची, संस्कृत मरीच’ अशी एका ओळीची व्युत्पत्ती देऊन कोशकार पुढे जातो आणि वाचकाचे समाधान होते. ही व्युत्पत्ती खोटी नाही. ती अपुरी आहे. संस्कृत मरिच किंवा मरीच हा शब्द सुश्रुतसंहितेसारख्या वैद्यकग्रंथांत आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कटुकवर्गात पिप्पलीच्या शेजारी आहे, आणि सर्वत्र त्याचा अर्थ मिरे हाच आहे. प्राकृतात त्याचे मिरिअं झाले. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात स्वप्नादि गणात, म्हणजे ज्या शब्दांतील आदि अकाराचा इकार होतो त्यांच्यात, मरिच घातला आहे. स्वरमध्यस्थ च लोपला आणि अकाराचा इकार झाला, अशा दोन घटना मिरिअं या रूपात एकदमच दिसतात. यापुढची वाट मराठीला पूर्ण परिचयाची आहे. पानीयं – पाणिअं – पाणी, मौक्तिकं – मोत्तिअं – मोती, तसेच मरिचं – मिरिअं – मिरीं. या मिरीं रूपाकडे नपुंसकलिंगी अनेकवचन म्हणून पाहिले गेले आणि केळीं–केळें याप्रमाणे त्याचे मिरें हे एकवचन बनले, असे मला वाटते; मिऱ्याचा दाणा एकटा क्वचितच हाती येतो, तेव्हा अनेकवचनच आधी ऐकू यावे यात नवल नाही. पुढे अनुस्वार गेला, आणि आज कोणी मिरी म्हणतो, कोणी मिरे. हा शब्द मराठीचा खरा तद्भव होय. मिरपूड आणि मिरवेल हे सामासिक शब्दही याच मिर- अंगापासून झालेले आहेत.

आता मिरचीकडे पाहा. येथे च शाबूत आहे. दोन स्वरांमधला एकेरी च मराठीत वारशाने येत नाही. सूचीची सुई झाली, पिशाचाचा पिसा झाला. त्यात च कोठेही उरला नाही. मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाचे हे नियम झ्यूल ब्लॉक यांनी शतकापूर्वीच मांडले, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या १९४१ च्या अनुवादामुळे ते मराठी विद्यार्थ्यालाही उपलब्ध झाले. त्या नियमांनी मरिचापासून मिरी निघते, मिरची निघत नाही. मग एकाच मुळापासून निघालेल्या दोन शब्दांपैकी एक घरी वाढला आणि दुसरा बाहेरून आला, असे मानणे प्राप्त होते.

येथे एक सुलभ उत्तर तयार असते, आणि ते चांगल्या अभ्यासकांनाही मोहात पाडते. ‘मिरीची शेंग’ यातील शेंग गळून ‘मिरीची’ आणि त्याची ‘मिरची’ झाली, असे ते उत्तर. ऐकावयास ते गोड आहे. च ची अडचणही त्याने सुटते. परंतु मिरचीचा च एकट्या मराठीत नाही. हिंदीत व पंजाबीत मिर्च आहे, गुजरातीत मरचुं आहे, बंगालीत मरिच आहे. आणि यांपैकी एकाही भाषेत षष्ठीचा प्रत्यय -चा, -ची असा नाही. तेव्हा हा च प्रत्ययाचा नसून मूळ शब्दाचा होय. मरीचि म्हणजे सूर्यकिरण या शब्दाशी मिरचीचा संबंध जोडणारी व्युत्पत्तीही अधूनमधून डोके वर काढते. तिखटाची आग आणि उन्हाची आग यांतील साम्यापलीकडे तिला कसलाही आधार नाही. खुद्द च चे उच्चारणही आपल्याला साक्ष देत नाही. मराठीत च चे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत, आणि त्यांवरून शब्दाचे घराणे पुष्कळदा ओळखता येते; परंतु ईकारापूर्वी तो तालव्यच होतो, मग शब्द देशी असो की परका.

साक्ष देतो तो पहिला स्वर. केवळ वैद्यांच्या पोथ्यांतून संस्कृत शब्द मराठीने उचलला असता तर त्याचे रूप मरीच किंवा फार तर मरची असे राहिले असते. गुजरातीत अकार राहिलाच आहे. मिरचीत मात्र स्वर प्राकृत मिरिअचा आणि व्यंजन संस्कृत मरिचाचे अशी सरमिसळ आहे, आणि नेमकी हीच सरमिसळ हिंदी मिर्च या रूपात आहे. मिरे ही बाजारातील महाग वस्तू आणि वैद्याच्या बटव्यातील औषध. अशा वस्तूंच्या बोलीतील नावांवर ग्रंथातील नावांचा दाब सतत पडत असतो, आणि त्यातून अशी अर्धतत्सम रूपे जन्मतात. मिर्च हे रूप उत्तरेत तयार झाले व तेथे त्याचा अर्थ मिरे हाच होता. मिरची आल्यानंतर ते तिला लागू झाले. दख्खनी बोलीत त्याचे स्त्रीलिंगी ईकारान्त रूप मिर्ची असे आहे. हैदराबादच्या ‘मिर्ची का सालन’ या पदार्थाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मराठी मिरचीचे उच्चारण लेखनातील अकार सोडून मिर्-ची असेच होते. तेव्हा दख्खनी मिर्ची आणि मराठी मिरची यांत कानाला काही अंतर उरत नाही.

यावरून मी असे अनुमान करतो की देशावरील मराठीने हा शब्द दख्खनीच्या द्वारे उत्तरेकडून घेतला. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर तशी परिस्थितीही होती. १४९० पासून १५७४ पर्यंत अचलपूरला इमादशाही नांदली, १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. लष्कराची, कचेरीची आणि मोठ्या बाजारांची भाषा या काळात फारसी व दख्खनी होती. बाजारातील नव्या मालाला बाजाराच्या भाषेतले नाव पडावे हे स्वाभाविक आहे.

पण रोप तर पश्चिम किनाऱ्यावर उतरले. तेथे त्याला काय म्हणतात? कोकणीत मिरचीला मिरसांग म्हणतात. सांग म्हणजे शेंग. शेवग्याच्या शेंगेलाही कोकणीत सांगच म्हणतात. मिरसांग म्हणजे मिऱ्याच्या चवीची शेंग. हा समास किनाऱ्याने आपल्या घरच्या दोन शब्दांतून घडविला, आणि त्याचे पूर्वपद मिर- हे तद्भव आहे, त्यात च नाही. मराठी मिरची जर किनाऱ्यावरून रोपाबरोबर वर आली असती, तर तिचे रूप मिरसांगेच्या जवळपास कोठेतरी असावयास हवे होते. तसे ते नाही. म्हणजे देशावर रोप एका वाटेने आले आणि नाव दुसऱ्या वाटेने. वस्तू आणि शब्द यांचा प्रवास एकत्रच होतो हे गृहीत आपण व्युत्पत्तीच्या अभ्यासात फार सहज धरतो. मिरचीच्या बाबतीत ते लागू पडत नाही.

दक्षिणेकडील भाषांनी किनाऱ्यासारखीच युक्ती केली. कानडीत मेणसु म्हणजे मिरे, मेणसिनकायि म्हणजे मिरची. तेलुगूत मिरियालु आणि मिरपकाय. तमिळमध्ये मिळगु आणि मिळगाय. सर्वत्र मिऱ्याच्या नावापुढे काय, म्हणजे कच्चे फळ, हे पद जोडले आहे. मल्याळममध्ये मात्र वेगळा प्रकार घडला. तेथे मुळगु हे मिऱ्याचे नाव मिरचीनेच घेतले, आणि मिऱ्याला कुरुमुळगु किंवा नल्लमुळगु म्हणावे लागले. जो प्रदेश मिऱ्यांचे माहेर, तेथेच मिऱ्याला आपले नाव सोडावे लागले ही गंमत आहे. हिंदीचेही तसेच. मिर्च म्हटले की आज हिंदी भाषिकाला मिरची समजते. मिरे हवे असेल तर काली मिर्च म्हटले पाहिजे. बंगालीत मरिच मिऱ्याकडेही राहिला आणि मिरचीकडेही गेला. पश्चिम बंगालने मिरचीला लंका हे समुद्रापलीकडचे नाव देऊन सुटका करून घेतली.

मराठीतही काळे मिरे असे म्हणतात, हे कोणी दाखवून देईल. परंतु तेथील विशेषण काढून टाकले तरी अर्थ बदलत नाही. हिंदीतील विशेषण काढले की अर्थ बदलतो. दोन्ही भाषांतील फरक या कसोटीवर स्पष्ट होतो. एका नावाच्या दोन वस्तू झाल्या म्हणजे भाषेपुढे दोन उपाय असतात : विशेषण जोडणे, किंवा शब्दाची दोन रूपे करून वाटणी करणे. पहिल्या उपायाचे उदाहरण आमच्या अमरावती जिल्ह्यात गावांच्या पाट्यांवर लिहिलेले आहे. भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, आणि तेव्हापासून धामणगावचे धामणगाव रेल्वे झाले. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार ही जोडीही तशीच. मिऱ्याच्या बाबतीत मराठीला विशेषणाची गरज पडली नाही, कारण तिच्याजवळ घरचे मिरे होते आणि बाहेरून मिरची आली. एकाच मुळाच्या दोन रूपांत दोन अर्थ नीट वाटले गेले. हे सगळे ठरवून कोणी केले नाही. परंतु मिरे हा तद्भव मराठीत आधीच घट्ट रुजलेला नसता तर मराठीलाही हिंदीच्या वाटेने जावे लागले असते.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. संस्कृत पिप्पली हे लांब पिंपळीचे नाव. ते ग्रीकांनी पेपेरी म्हणून घेतले, लॅटिनमध्ये त्याचे पिपेर झाले, आणि ते मुख्यतः काळ्या मिऱ्याला लागू झाले. इंग्रजीत त्याचे पेपर झाले, आणि अमेरिकेतून मिरची आल्यावर तिलाही पेपर म्हणू लागले. एकच नाव तीन वनस्पतींवरून फिरले. चिली हा शब्द तेवढा मिरचीबरोबर तिच्या मायदेशातून, मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून आला. चिली देशाशी त्याचा काही संबंध नाही.

नावाचा हा वृत्तान्त झाला. अर्थाच्या बाजूला याहून सूक्ष्म फेरबदल झालेले आहेत आणि त्यांकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. संस्कृत वैद्यकात मिऱ्याचा रस कटु. सुंठ, मिरे आणि पिंपळी यांना मिळून त्रिकटु म्हणतात. कडुनिंबाचा रस तिक्त. मराठीत मात्र कटूपासून झालेला कडू हा शब्द कडुनिंबाला लागतो, आणि मिऱ्यासाठी तीक्ष्णापासून झालेला तिखट हा शब्द वापरावा लागतो. कटु हा शब्द आपल्या जागेवरून सरकला आणि तिक्ताच्या जागी बसला; रिकाम्या जागेवर तिखटाने ताबा मिळविला. आयुर्वेदाचा मराठी विद्यार्थी कटु वाचून कडू समजतो आणि फसतो, त्याचे कारण हेच. तिखटाचा मूळ अर्थ धारदार, तीव्र असा व्यापक होता, आणि नजरेविषयी किंवा कानाविषयी बोलताना तो अजूनही जिवंत आहे. परंतु मिरची आल्यानंतर या विशेषणाचे नाम झाले. आज तिखट म्हणजे मिरचीची पूड. भाजीत तिखट टाकले म्हणजे काय टाकले हे विचारण्याची गरज नसते. वऱ्हाडातील स्वयंपाकघरात मीठ आणि तिखट ही दोन द्रव्यांची नावे आहेत, चवींची नव्हेत. शब्दाने एवढा अर्थसंकोच पत्करावा यावरून मिरचीने चवीच्या त्या प्रांतात किती एकछत्री अंमल बसविला हे दिसते. फळाचे नाव परके, पण त्याच्या पुडीचे नाव अगदी घरचे, असा हा मामला आहे.

म्हणी व वाक्प्रचार यांतही वाटणी झालेली आहे. डोक्यावर मिरे वाटतात, नाकाला मिरच्या झोंबतात. पहिल्यात वर्चस्व आहे, दुसऱ्यात चडफड. केवळ वाक्प्रचारावरून काळ ठरविणे धोक्याचे असते, तरी वाटण्याच्या क्रियेत मिरे टिकून राहिले आणि झोंबण्याच्या क्रियेत मिरची आली हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. उलट ढोबळी मिरचीने तर मिरची या शब्दातून तिखटपणाच काढून टाकला. तेथे उरले ते केवळ फळाचे कुळ.

आता पुन्हा अरणच्या मळ्याकडे वळू. अभंगातील मिरची म्हणजे मिरे असे म्हणावयाचे, तर दोन अडचणी येतात. पहिली मळ्याची. मिऱ्याचा वेल हा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील भरपूर पावसाचा व सावलीचा रहिवासी. सोलापूरच्या कोरड्या हवेत, कांद्यामुळ्याच्या वाफ्याशेजारी तो वाढणार नाही. अभंग बाजाराचा नाही, मळ्याचा आहे. त्यात जे पिकते तेच येते. दुसरी अडचण शब्दरूपाची, आणि माझ्या मते ती अधिक निर्णायक आहे. त्या अभंगातील मिरचीचे शेजारी पाहावेत. कांदा कन्दापासून, मुळा मूलकापासून, लसूण लशुनापासून, कोथिंबीर कुस्तुम्बुरुपासून. सगळे तद्भव, सगळे मराठीच्या नियमांनी झिजून आलेले. कुस्तुम्बुरु तर अर्थशास्त्रात मरिचाच्याच वर्गात बसलेला आहे. या पंगतीत झीज न झालेले रूप एकट्या मिरचीचे आहे. तेराव्या शतकातील माळ्याला मिरे म्हणावयाचे असते तर त्याच्या तोंडी मिरें किंवा मिरीं आले असते. वस्तूचा पुरावा आणि रूपाचा पुरावा एकाच दिशेने बोट दाखवितात.

तेव्हा तिसराच मार्ग उरतो. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवाने लिहून ठेवले अशी परंपरा आहे. परंतु आज आपल्या हाती आहेत ते शतकानुशतके दिंडीत, भजनात म्हटले गेलेले पाठ. गाणाऱ्याने आपल्या मळ्यातली भाजी अभंगात घालावी यात लबाडी नाही. अभंग जिवंत राहिला तो अशाच रीतीने. संपूर्ण अभंग उत्तरकालीन की हा एकच शब्द नंतर शिरला, याचा निर्णय एका शब्दावर करणे मात्र उतावीळपणाचे होईल. कानडीत पुरंदरदासांच्या नावे मिरचीवरील एक कीर्तन सांगितले जाते व त्यावरून मिरचीच्या आगमनाचा काळ मागे नेला जातो. तेथेही प्रश्न हाच, की कवीचा काळ हा पाठाचा काळ मानावयाचा काय?

तेराव्या शतकातील मराठी शब्दांची शहानिशा करावयाची तर अभंगगाथांपेक्षा महानुभावांचे गद्य अधिक भरवशाचे आहे, आणि ते आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपूरच्या परिसरात लिहिले गेले. म्हाइंभटांचे लीळाचरित्र मूळ प्रत हरवल्यानंतर पुन्हा जुळविले गेले अशी सांप्रदायिक परंपरा आहे, त्याचे पाठभेदही पुष्कळ आहेत. ते निर्दोष साधन आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाल्यामुळे ते गाणाऱ्यांच्या तोंडून फिरले नाही, आणि रोजच्या जेवणाखाण्याचे तपशील त्यात जितके आहेत तितके त्या काळच्या पद्यात नाहीत. अन्नवाचक शब्दांचा काळ ठरविताना प्रथम तेथे जावे, मग गाथांकडे वळावे.

प्रबंधातील यादवकालीन पिकांच्या यादीतून मिरची वगळावयास हवी. तिच्या जागी मिरे घालण्याचीही चूक होऊ नये. देशावर मिरे हे पीक नव्हते, घाटाखालून येणारा माल होता, आणि त्याची नोंद शेतीच्या प्रकरणात नव्हे, व्यापाराच्या प्रकरणात झाली पाहिजे.